बरगीचा जलाशय

जबलपुरास बदली होऊन आलेला मराठी गृहस्थ पहिल्या रविवारी भेडाघाट पाहतो आणि दुसऱ्या रविवारी बरगी. शिदोरी सोडावी, दूरवर पसरलेले पाणी डोळे भरून पाहावे आणि दिवेलागणीस परतावे, असा हा क्रम. या रम्य स्थळाचा इतिहास मात्र सहसा कोणी विचारीत नाही.

नर्मदेवरील या धरणाचे काम १९७४ च्या सुमारास सुरू झाले व १९९० मध्ये जलाशय भरला. हेतू सिंचनाचा व विजेचा. सहल मागाहून आली. जबलपूर, मंडला व सिवनी या जिल्ह्यांतील १६२ गावांना बुडिताची झळ पोचली. कित्येक शेतकऱ्यांनी नांगर सोडून त्याच पाण्यात जाळी टाकली, मासेमारीच्या सहकारी संस्था उभारल्या. जलाशयास नाव दिले ते रामगढच्या राणी अवंतीबाईंचे. आपले राज्य सोडावयाचे नाही म्हणून इंग्रजांशी झुंजत १८५८ मध्ये ज्यांनी प्राणार्पण केले, त्यांचेच नाव भूमी गिळणाऱ्या पाण्यास लाभावे, हा योग विलक्षण खरा!

आपण सरकारी नोकर. बुडित क्षेत्र आपल्याला भेटते ते फायलीतल्या आकड्यांतून. निदान तीरावर बसताना तरी या पाण्याखाली अंगणे होती, याचा विसर पडू नये.