लिलाव : एका पुकाऱ्याची कुळकथा

ज्या नियमाने पोर्तुगीजांचा ‘पांव’ आपल्या मुखात येता येता ‘पाव’ झाला, त्याच नियमाने त्यांचा ‘लैलांव’ आपला ‘लिलाव’ झाला. उत्तरेकडे त्याच शब्दाच्या आरंभीच्या लकाराचा नकार होऊन ‘नीलाम’ रूढ झाला, मराठीने मात्र लकार जपला. परंतु पोर्तुगीज हे या शब्दाचे पालक होत, जनक नव्हेत. आयबेरियात अरबांचा अंमल असताना ‘अल्-इलाम’, म्हणजे जाहीर करणे, सर्वांस कळविणे, हा अरबी शब्द त्यांच्या भाषेत शिरला, आणि तेथून जहाजावर चढून, आफ्रिकेला वळसा घालून, गोव्यात मांडवीच्या काठी उतरला. ज्या अरबी धातूपासून तो निघाला त्याच धातूची ‘मालूम’ आणि ‘तालीम’ ही अपत्ये फार्सीचे बोट धरून खुष्कीच्या मार्गाने आपल्या दफ्तरांत आणि आखाड्यांत आली. एका घरची भावंडे अशी दोन दिशांनी येऊन मराठीच्या अंगणात भेटली. त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यावी असे मला फार दिवस वाटत होते.

या ओळखीचे निमित्त मात्र नवे आहे. जुन्या, जीर्णोद्धार केलेल्या आणि धन्याच्या मर्जीप्रमाणे फेरफार केलेल्या स्पोर्ट्स मोटारींचे जे लिलाव अलीकडे संगणकाच्या पडद्यावर चालतात ते मी मन लावून पाहत असतो, आणि पाहता पाहता माझी अशी खात्री झाली आहे की, या व्यवहाराचे मर्म इंग्रजी शब्दापेक्षा आपल्या शब्दातच अधिक नेमके सापडते. ‘ऑक्शन’ हा लॅटिनमधील ‘वाढविणे’ या अर्थाच्या क्रियापदाचा वंशज. त्याची नजर किमतीवर. ‘लिलाव’ हा घोषणेचा वंशज. त्याची नजर वस्तू चारचौघांत उघडी करण्यावर.

कौटिल्यालाही हीच गोष्ट प्रथम महत्त्वाची वाटली असावी. अर्थशास्त्रात स्थावराच्या विक्रीचा जो विधी सांगितला आहे त्याप्रमाणे घर विकावयाचे तर शेजारच्या कुळांसमक्ष, घराच्या दारापुढे उभे राहून ते जाहीर करावयाचे. शेत, बाग किंवा तळे असेल तर गावच्या वृद्धांसमोर, सीमा जशा असतील तशा सांगून. मगच ‘या किमतीस कोण घेतो’ असे तीन वेळा पुकारावयाचे, आणि कोणी हरकत न घेतल्यास व्यवहार पुरा करावयाचा. चढाओढीने किंमत वाढलीच, तर ती वाढ शुल्कासह राजाच्या कोशात जमा होई. आधी सीमा, मग किंमत, हा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

गोव्यातील लिलावाचे चित्र लिन्सखोतेन नावाच्या डच तरुणाने रेखाटून ठेवले आहे. 1583 साली तो गोव्यास आला, आर्चबिशपच्या पदरी कारकुनी करीत सुमारे पाच वर्षे राहिला, आणि 1596 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने ‘रुआ दिरेइता’, म्हणजे सरळ रस्ता, या राजरस्त्यावरील बाजाराचे वर्णन केले. रविवार आणि सणाचे दिवस वगळता रोज सकाळी सात ते नऊ या वेळात तेथे लिलाव चाले. नगराने नेमलेले पुकारे सोन्याच्या साखळ्या, मोती, अंगठ्या, रत्ने अंगावर लटकावून गर्दीतून फिरत. विकावयाची वस्तू ज्याच्या देहावरच टांगलेली आहे असा तो माणूस म्हणजे चालतेबोलते जाहीरपत्रकच. अरबी घोडे येत, मसाले येत, मेलेल्या माणसाची चीजवस्तू शेवटच्या कवडीपर्यंत तेथेच विकली जाई, मग तो मृत इसम खुद्द व्हाइसरॉय का असेना. आणि त्याच रस्त्यावर, त्याच पुकाऱ्यात, गुलाम म्हणून पकडून आणलेली माणसे, स्त्रिया आणि पोरे, गुरांप्रमाणे विकली जात. लिलाव या शब्दाच्या कुळात हा कलंक आहे, आणि कूळ सांगणाऱ्याने तो झाकता कामा नये.

 

लिलाव केव्हा संपला हे ठरविणे ही या संस्थेची जुनी अडचण. इंग्लंडात सतराव्या शतकात मेणबत्तीचा लहानसा तुकडा पेटवून बोली सुरू करीत, आणि ज्योत विझण्यापूर्वीची शेवटची बोली मान्य होई. आरमार खात्याचा अधिकारी सॅम्युअल पेपिस याने 1662 च्या सप्टेंबरात जहाजांचा असा एक लिलाव पाहिला, तेव्हा त्याला आढळले की एक गृहस्थ नेमकी शेवटची बोली साधतो आहे. विचारता त्याने सांगितले की, ज्योत विझते त्या क्षणी धूर खाली उतरतो. त्यावरून त्याला वेळ कळे. 1995 साली अमेरिकेत निघालेल्या, पुढे ईबे या नावाने प्रसिद्धीस आलेल्या ऑनलाइन लिलावात घड्याळ ठरल्या क्षणी थांबत असे, आणि त्या गृहस्थाचे वारस अखेरच्या सेकंदापर्यंत दबा धरून बसत.

आता मोटारीकडे येतो. डॅटसन 240 झेड ही दोन आसनी मोटार निसान कंपनीने 1969 च्या ऑक्टोबरात पुढे आणली. सरळ रांगेत सहा सिलिंडर, 2,393 घनसेंटिमीटरचे एंजिन, लांब नाक आणि उतरती पाठ असे तिचे रूप. अमेरिकेत ती 3,526 डॉलरांस मिळू लागली, आणि युरोपातील नामांकित गाड्यांच्या मानाने हे मोल पुष्कळच कमी होते. परंतु तिचा पत्रा गंजाला फार लवकर बळी पडे. बॅटरीखालचा कोनाडा, पायाखालचा तळपत्रा, त्याखालच्या आधारपट्ट्या, मागच्या चाकांपुढचा कोपरा, ही सारी तिची मर्मस्थाने. बर्फ वितळावे म्हणून मीठ पसरलेल्या रस्त्यांवर चाललेल्या गाड्यांचे तर तळच झडून गेले. म्हणून आज चकाकणारी 240 झेड समोर आली की, कोणीतरी ती कधीतरी उघडून पुन्हा बांधली असण्याचाच संभव अधिक. पुष्कळांनी मूळ एंजिन काढून पुढच्या 280 झेडचे 2,753 घनसेंटिमीटरचे बसविलेले असते, मूळच्या दोन कार्ब्युरेटरांच्या जागी तीन आलेले असतात, चाकांवरच्या कमानी रुंद केलेल्या असतात. मला या फेरफारांचा राग नाही. पाषाणाच्या देवळाला कोणी तैलरंग फासला तर जीव हळहळतो, पण मोटार ही चालण्यासाठी जन्मलेली वस्तू आहे, आणि पाच गतींची नवी पेटी बसवून ती सुखाने चालत असेल तर ते तिच्या धर्माला सोडून नव्हे. मात्र काय बदलले हे लपविणे मला क्षम्य वाटत नाही. 2020 च्या जानेवारीत 1971 सालची, बहुतांशी मूळ स्थितीत राहिलेली अशी एक गाडी 3,10,000 डॉलरांस गेली. मूळ आणि बदललेले यांतील अंतर किती रकमेचे असू शकते, हे यावरून कळावे.

गाडीपाशी उभे असलो तर फडक्यात गुंडाळलेले लहानसे लोहचुंबक पत्र्यावरून फिरविता येते. खाली पोलाद असेल तर ते चिकटते. गंजाचे भोक बुजवून वर लांबीचा जाड थर दिला असेल तर ते निसटून तळहातात येते. हजार मैलांवरच्या गिऱ्हाइकाला हे साधन नाही. त्याच्यासाठी विक्रेत्यानेच पुकाऱ्याचे काम करावयाचे असते: गाडी वर उचलून तळाची छायाचित्रे घ्यावयाची, रंग देण्यापूर्वीचे जोड दाखवावयाचे, थंड एंजिन सुरू होतानाचा आवाज ऐकवावयाचा. एंजिनाच्या कक्षात धातूची एक लहानशी पट्टी असते, तीवर गाडीचा आणि एंजिनाचा असे दोन्ही क्रमांक असतात. एंजिनाच्या ठोकळ्यावर ठोकलेला क्रमांक त्याशी जुळतो किंवा नाही, हे एका छायाचित्राने उघड होते, आणि ते छायाचित्र नसेल तर जाणते गिऱ्हाईक सर्वांसमक्ष ते मागते. आठवडाभर चालणाऱ्या लिलावात ही प्रश्नोत्तरे बोलीइतकीच उत्कंठेने वाचली जातात. गावच्या वृद्धांसमोर सीमा सांगण्याचा कौटिल्याचा दंडकच येथे पाळला जातो असे मी मानतो.

सॅन फ्रान्सिस्कोच्या ब्रिंग अ ट्रेलर या संस्थेने 2007 पासून जुन्या गाड्यांचा शोध देता देता 2014 साली स्वतःचे लिलाव सुरू केले, तेव्हा मेणबत्तीच्या त्या जुन्या अडचणीवर एक साधा तोडगा ठेवला. अखेरच्या दोन मिनिटांत बोली आली की घड्याळ पुन्हा दोन मिनिटांवर जाते. धुरावर डोळा ठेवून बसणाऱ्याला त्यामुळे काही लाभ उरत नाही. त्याने बोली लावली की समोरच्याला विचार करावयास पुन्हा तेवढाच अवकाश मिळतो. एक बोली येते, आकडा चढतो, घड्याळ मागे फिरते; दुसरी येते, पुन्हा फिरते. मग कोणी बोलत नाही. सेकंद उतरत जातात, जो मागे राहिला त्याचा हात अजून कळफलकावर असतो, दोन मिनिटे पुरी होतात, आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर होते.