मेहताजींवर नजर कोणाची?

मुंबईत चाळ बांधून भाड्याने देणे हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून पैसे गुंतवण्याचा मोठा मार्ग होता. पण शेठ स्वतः दारोदार फिरत नसे. भाडेवसुलीला मेहता, दारावर रखवालदार, डागडुजीला मुकादमाची माणसे आणि रिकाम्या खोलीला गिऱ्हाईक आणायला दलाल. चाळीच्या इतिहासात मालक आणि भाडेकरू यांच्याविषयी आपण पुष्कळ वाचतो, या मधल्या माणसांविषयी फार थोडे. वास्तविक मालकाचे उत्पन्न आणि भाडेकरूचे छप्पर ही दोन्ही त्यांच्याच हाती होती. मग त्यांच्यावर नजर कोणाची?

याचे उत्तर भाडेपावतीत सापडते. पावती भाडेकरूकडे, स्थळप्रत मालकाकडे. मेहत्याने दहा घेऊन आठ लिहिले, तर भाडेकरू तिथल्या तिथे हटकणार. म्हणजे प्रत्येक भाडेकरू मालकाचा बिनपगारी तपासनीस! १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम २६ ने लेखी पावती देणे मालकावर बंधनकारक केले.

त्याच कायद्याच्या कलम १८ ने पागडी घेणे गुन्हा ठरवले. मालकाने ती स्वतः घेतली काय किंवा त्याच्या वतीने दुसऱ्याने घेतली काय, गुन्हा एकच. मधला हात कायदा करणाऱ्यांना चांगला ठाऊक होता. तरीही पागडी फोफावली. प्रमाण भाडे सर्वसाधारणपणे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलेले आणि खोलीची खरी किंमत मात्र चढती. हा फरक बिनपावतीच्या पैशातून वसूल होऊ लागला. मेहत्याने किती घेतले आणि शेठला किती सांगितले, हे पडताळायला आता कागदच उरला नाही. चोरीची तक्रार करायची, तर आधी स्वतःचा गुन्हा कबूल करावा लागणार. नोकरावर नजर ठेवण्याचा अधिकार मालकाने असा आपल्याच हाताने घालवला. ३१ मार्च २००० पासून अमलात आलेल्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याने अखेर ही रक्कम घेण्याला मान्यता दिली.

दलालाची नोंद व्हायला आणखी सतरा वर्षे गेली. २०१६ च्या रेरा कायद्यातील दलालांविषयीच्या तरतुदी १ मे २०१७ पासून लागू झाल्या. नोंदणीकृत प्रकल्पातील घर विकून देणाऱ्या दलालाला नोंदणी हवी, प्रत्येक व्यवहारात क्रमांक हवा, हिशेबाच्या वह्या हव्यात. मोडल्यास दिवसाला १०,००० रुपये, कमाल घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत दंड. महाराष्ट्रात २०२३ पासून दलालांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आली.

परंतु हे सारे विक्रीपुरते. गुंतवणूक म्हणून दुसरा फ्लॅट घेऊन तो दलालामार्फत भाड्याने देणारा आजचा मालक पुन्हा जुन्या शेठच्याच जागी उभा आहे. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याचे कलम ५५ त्याने वाचावे. करार लेखी आणि नोंदलेला असण्याची जबाबदारी मालकाची आहे. तसा करार नसेल, तर अटींविषयी भाडेकरू जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. दलाल ‘नोंदणीचं बघतो’ म्हणाला होता, ही सबब तिथे चालत नाही. परवाना दलाल कोण ते सांगतो. त्याने काय केले, हे कागदच सांगतो, आणि तो मागून घेण्याचे काम मालकाचेच.