आवरण गेले, तार उरली का?

डिसेंबर १८२२. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू ऑगस्टस देस्ते एका जिवलग आप्ताला भेटायला स्कॉटलंडला गेला. पोचला तेव्हा तो आप्त वारलेला होता. अंत्यविधीनंतर थोड्याच दिवसांत ऑगस्टसला बारीक अक्षरे नीट दिसेनाशी झाली. पत्रेसुद्धा दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. पुढे काही उपचार न करता डोळे पूर्ववत झाले. तेव्हा तो २८ वर्षांचा होता.

१८२७ मध्ये फ्लॉरेन्सला त्याला एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या आणि पायांतले बळ गेले. तेही बरेचसे परत आले. मात्र पुढच्या वर्षांत गेलेले सगळे परत येईना, आणि अखेरीस चाकांची खुर्ची आली. १८४६ पर्यंत त्याने हे सारे रोजनिशीत टिपले. १८४८ मध्ये तो वारला, तोवर या आजाराला नावही नव्हते. आज ही रोजनिशी वाचणाऱ्याला तो मल्टिपल स्क्लेरॉसिस असावा, यात फारशी शंका वाटत नाही.

या आजाराला ठळक ओळख मिळाली ती १८६८ मध्ये. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात झां-मार्तें शार्को यांनी रुग्णांची लक्षणे आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूत व मज्जारज्जूत सापडलेले कठीण चट्टे यांची सांगड घातली. चट्ट्यांत चेतातंतूंवरचे मायलिनचे आवरण नाहीसे झालेले दिसे, आतला अक्षतंतू मात्र बहुधा शाबूत.

वर्गात आपण चेतापेशीची आकृती काढतो, त्यात अक्षतंतूवर मण्यांसारखे दिसते तेच हे आवरण. दोन मण्यांमधल्या फटींवरून संदेश उड्या मारत जातो, जाड तंतूंत सेकंदाला १०० मीटरपर्यंत. शरीराच्याच प्रतिकारपेशींनी आवरण कुरतडले की संदेश मंदावतो किंवा अडतो. सूज ओसरली, की उघड्या पडलेल्या तंतूवर सोडियमच्या वाटा नव्याने पसरतात, थोडे पातळ आवरणही पुन्हा चढते. ऑगस्टसचे डोळे सुधारले ते बहुधा असेच.

मग पुढची अधोगती कशाने? अक्षतंतूही तुटतात, हे काही जुन्या अभ्यासकांनी नोंदवले होते. तरी शतकभर आम्हा संशोधकांचे लक्ष आवरणावरच खिळले. तारेपेक्षा रबराचीच चौकशी जास्त! १९९८ मध्ये ब्रूस ट्रॅप आणि सहकाऱ्यांनी ११ मृत रुग्णांच्या मेंदूंतील चट्टे तपासले. ताज्या चट्ट्यांत दर घन मिलिमीटरला सरासरी ११,००० हून अधिक तुटलेले अक्षतंतू होते. निरोगी मेंदूत एकसुद्धा भरत नव्हता. काही रुग्णांचा आजार तर अवघ्या काही आठवड्यांचा होता. म्हणजे तोड पहिल्यापासूनच सुरू असते. मेंदू काही काळ दुसऱ्या वाटांनी काम निभावून नेतो, म्हणून ती जाणवत नाही. शिवाय आवरण घालणाऱ्या पेशी अक्षतंतूला पोसतातही. त्या गेल्या की उघडा तंतू वर्षानुवर्षे झिजत राहतो, मधे नवा झटका आला नाही तरी.

१९९३ मध्ये अमेरिकेत इंटरफेरॉन बीटाला मान्यता मिळाली. त्यानंतर आलेल्या औषधांनी झटके बरेच कमी होतात. निदान होताच ती सुरू करण्याकडे आज डॉक्टरांचा कल आहे, तो या तुटलेल्या तंतूंमुळेच. संथ झीज थोपवणे त्यामानाने अवघड जाते, आणि मेंदूत एकदा तुटलेला अक्षतंतू पुन्हा वाढवणारे औषध अजून हाती आलेले नाही.