फोन भिजला, फुटला किंवा बाहेर उघडला: वॉरंटी खरंच जाते का?

समजा, जुलै महिना आहे. विटाव्याच्या सबवेत नेहमीसारखं पाणी भरलंय. रिक्षा मिळेना म्हणून तुम्ही भर पावसात कळवा स्टेशनपर्यंत चालत निघालात आणि खिशातला फोन भिजला. पुसला, तर व्यवस्थित चालू होता. दोन महिन्यांनी मात्र तो चार्जच होईना. फोन घेऊन सातच महिने झालेत, म्हणजे वॉरंटी आहे, म्हणून तुम्ही ठाण्याच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलात. काउंटरवरच्या मुलाने सिमचा ट्रे काढला, आत टॉर्च मारली आणि म्हणाला, "पाणी गेलंय. वॉरंटी गेली. बोर्ड बदलावा लागेल."

बोर्डाचा खर्च ऐकून बहुतेक लोक तिथूनच परत फिरतात. पण "वॉरंटी गेली" या दोन शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात. एक, पाण्याने झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. दोन, आत्ताचा बिघाड त्याच पाण्यामुळे झालाय. तीन, आता या फोनचं काहीच वॉरंटीत होणार नाही. पहिली गोष्ट बहुतेक वेळा खरी असते. दुसरी तपासून ठरवायची असते. आणि तिसरी कंपनीच्या अटींमध्ये खरंच लिहिलेली आहे का, हे वाचून पाहावं लागतं.

वॉरंटी म्हणजे नेमकं काय?

फोन किंवा टॅबमध्ये बनवतानाच काही दोष राहिला असेल, तर ठरावीक काळात तो आम्ही फुकट दुरुस्त करू, हे कंपनीचं वचन म्हणजे वॉरंटी. भारतात फोन आणि टॅबला साधारण एक वर्षाची वॉरंटी असते. चार्जर, केबलसारख्या वस्तूंना अनेक कंपन्या सहाच महिने देतात.

वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. फोन हातातून पडला, पाण्यात गेला, लोकलच्या गर्दीत चेपला, तर तो दोष कंपनीचा नाही, म्हणून तो वॉरंटीत येत नाही. त्यासाठी वेगळी योजना पैसे भरून घ्यावी लागते. ती घेताना एक गोष्ट बघा. 'एक्स्टेंडेड वॉरंटी' म्हणजे फक्त वॉरंटीचा काळ वाढतो. पडणं-भिजणं त्यात येईलच असं नाही. त्यासाठी 'अपघाती नुकसान' हे शब्द कागदावर असायला हवेत.

सिमच्या खाचेतली ती पट्टी काय सांगते?

फोनमध्ये पाण्याचा संपर्क ओळखणारी एक छोटी पट्टी बसवलेली असते. अनेक मॉडेलमध्ये ती सिमच्या खाचेतून दिसते. एरवी ती पांढरी किंवा चंदेरी असते. पाणी किंवा पाणी असलेला कोणताही द्रव लागला की ती लाल किंवा गुलाबी होते.

लाल पट्टी एवढंच सांगते की त्या जागी कधीतरी ओल पोहोचली. बोर्डपर्यंत पाणी गेलं का, आणि आजचा बिघाड त्यानेच झाला का, हे ती सांगत नाही. त्यासाठी फोन उघडून बोर्डवर गंज किंवा डाग आहेत का, ते पाहावं लागतं. तसे डाग निघाले तर बाजू कंपनीची भक्कम असते, हे मान्य करायला हवं. पण पट्टी लाल आणि बोर्ड स्वच्छ असेल, तर फक्त पट्टीकडे बोट दाखवून दिलेला नकार कच्चा ठरतो.

फोन भिजलाच तर तो लगेच बंद करा आणि चार्जिंगला लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवायचा घरगुती उपायही टाळा. तांदळाचे कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं, असं ॲपलनेच आपल्या सूचनांमध्ये म्हटलं आहे.

पण फोन तर 'वॉटर रेझिस्टंट' म्हणून विकला होता!

सगळ्यात जास्त चिडचिड इथेच होते. आयपी ६७ म्हणजे एक मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं टिकण्याची चाचणी. आयपी ६८ मध्ये त्याहून कठीण अटी असतात आणि त्या कंपनी स्वतः ठरवते. या चाचण्या प्रयोगशाळेत, नव्या फोनवर आणि गोड्या पाण्यात होतात. फोन एकदा पडला, वाकला किंवा उघडला गेला की आतलं सील सैल होतं. म्हणून आयपी ६८ असलेल्या फोनलाही पाण्याचं नुकसान वॉरंटीत मिळत नाही.

जाहिरातीत पाणी दाखवायचं आणि वॉरंटीत पाणी नाकारायचं, यावर इतर देशांत कारवाई झाली आहे. इटलीच्या स्पर्धा नियामकाने २०२० मध्ये ॲपलला १ कोटी युरोंचा दंड केला. ऑस्ट्रेलियात २०२२ मध्ये सॅमसंगला १ कोटी ४० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. आपल्यालाही यातून एक धडा घेता येतो. खरेदी करताना जाहिरातीचा किंवा ऑनलाइन वर्णनाचा स्क्रीनशॉट ठेवा. उद्या वाद झाला तर तो उपयोगी पडू शकतो.

स्क्रीन फुटली, मग बाकीचं काय?

काच तडकलीय आणि स्पीकरही बंद पडलाय, अशी जोडी नेहमी दिसते. काचेचे पैसे तुमचे, यात वाद नाही. प्रश्न स्पीकरचा आहे. तो पडल्यामुळे गेला असेल तर वॉरंटी नाही. आपोआप गेला असेल तर वॉरंटी असायला हवी.

पण व्यवहारात एक अडचण येते. अनेक सेंटर आधी स्क्रीन पैसे भरून बदला, मग बाकीचं बघू, असं सांगतात. कधी त्याला कारण असतं, कारण फुटलेली काच उघडताना आणखी तुटते. अशा वेळी दोन्ही कामांचा खर्च वेगवेगळा लिहून मागा. कुठलं काम वॉरंटीत आणि कुठलं पैशांत, हे कागदावर स्पष्ट हवं.

नाक्यावरच्या दुकानात उघडला तर?

कळवा नाक्यापासून खारेगावपर्यंत मोबाइल दुरुस्तीची दुकानं आहेत आणि ती चालतात, कारण ती स्वस्त आहेत आणि तासाभरात काम करून देतात. वॉरंटी संपलेल्या फोनसाठी त्यात काही गैर नाही. वॉरंटीतल्या फोनसाठी मात्र हिशोब वेगळा आहे.

कंपन्यांच्या अटी इथे दोन प्रकारच्या असतात. काही म्हणतात, बाहेरच्या दुरुस्तीमुळे झालेलं नुकसान आम्ही भरून देणार नाही. काही म्हणतात, बाहेर उघडलेल्या किंवा बदल केलेल्या फोनला वॉरंटीच लागू नाही. वाचायला दोन्ही सारख्या वाटतात, पण फरक मोठा आहे. पहिल्या अटीत नुकसानीचं कारण दाखवावं लागतं, दुसरीत फोन उघडला होता एवढंच पुरतं. म्हणून आधी आपल्या कंपनीची अट कोणती, ते पाहा.

कंपन्यांची भूमिका बदलतेही. बाहेरची स्क्रीन लावलेला आयफोन ॲपल आधी वॉरंटीत घेत नसे. २०१७ मध्ये हा नियम सैल झाला. बाहेरची बॅटरी असलेल्या फोनबाबत असाच बदल २०१९ मध्ये झाला. बाहेरच्या स्क्रीनचा किंवा बॅटरीचा दोष अर्थातच ॲपल वॉरंटीत घेत नाही. पण तेवढ्यावरून बाकी फोनलाही नकार मिळत नाही.

बाहेरचं काम लपवायचा प्रयत्न मात्र करू नका. आयओएस १५.२ पासून अनेक आयफोन स्वतःच सेटिंगमध्ये सुटा भाग बदललाय का आणि तो अस्सल आहे का, ते दाखवतात. खोटं बोललेलं पकडलं गेलं की तुमची खरी तक्रारही हलकी होते.

रूट केला, बूटलोडर उघडला तर?

फोनचं मूळ सॉफ्टवेअर बदलण्यासाठी बूटलोडर उघडतात किंवा फोन रूट करतात. पुन्हा मूळ सॉफ्टवेअर टाकलं की कोणाला कळणार नाही, असा एक समज आहे. सॅमसंगच्या फोनमध्ये तो चालत नाही. नॉक्स सुरक्षा असलेल्या फोनच्या चिपमध्ये एक सूक्ष्म फ्यूज असतो. अनधिकृत सॉफ्टवेअर टाकलं की तो जळतो आणि फोनमधली एक नोंद शून्यावरून एकवर जाते. ती परत शून्य होत नाही. सिक्युअर फोल्डरसारख्या सोयीही बंद पडतात.

इथेही मूळ प्रश्न कारणाचाच आहे. सॉफ्टवेअर बदलल्याने फोन तापून बोर्ड जाऊ शकतो, पण व्हॉल्यूमचं बटण सैल होत नाही. मात्र बदल केलेल्या फोनला वॉरंटी नाही, असं अटीतच लिहिलेलं असेल, तर हा युक्तिवाद काउंटरवर चालणं कठीण. तो ग्राहक आयोगापुढे मांडायचा मुद्दा आहे.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत १९७५ पासून वॉरंटीचा स्वतंत्र कायदा आहे. ठरावीक भाग किंवा सेवाच वापरली नाही तर वॉरंटी रद्द, असं म्हणणाऱ्या सहा कंपन्यांना तिथल्या व्यापार आयोगाने २०१८ मध्ये ताकीद दिली होती. भारतात तसा स्वतंत्र कायदा नाही. आपला आधार म्हणजे ग्राहक संरक्षण कायदा २०१९. त्यात तीन गोष्टी कामाच्या आहेत. वस्तूतला दोष आणि सेवेतली कमतरता, या दोन्हींबद्दल तक्रार करता येते. वॉरंटीचं दिशाभूल करणारं वचन देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. आणि विकलेल्या वस्तूचं किंवा दिलेल्या सेवेचं बिल न देणं हीसुद्धा अनुचित व्यापार प्रथाच आहे.

आणखी एक दाखला माहीत असावा. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांविरुद्ध आदेश दिला. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट ठेवू नका, बाहेरच्या चुकीच्या कामाने जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारा, असं त्यात सांगितलं होतं. तो आदेश गाड्यांचा होता आणि त्यावर पुढे अपिलंही झाली, म्हणून फोनच्या काउंटरवर तो नियम म्हणून दाखवता येणार नाही. पण तक्रार लिहिताना त्यामागचं तत्त्व मांडता येतं.

काउंटरवर काय करायचं?

१. फोन देण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. सिमच्या खाचेतल्या पट्टीचाही काढा.

२. बॅकअप घ्या. दुरुस्तीत सगळं पुसलं जाऊ शकतं.

३. जॉबशीट घेतल्याशिवाय निघू नका. तुमची तक्रार आणि फोनची बाहेरून दिसणारी स्थिती त्यावर नीट लिहिली आहे का, ते वाचा. ओरखडा असताना 'डॅमेज' लिहिलं असेल तर तिथेच दुरुस्त करून घ्या.

४. नकार दिला तर कारण लेखी मागा. कुठल्या अटीखाली नकार, बोर्डवर काय आढळलं आणि त्याचे फोटो. तोंडी नकाराला पुढे काही किंमत नाही.

५. लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा. तारीख, जॉबशीटचा नंबर आणि काउंटरवर काय सांगितलं, ते लिहा. म्हणजे तुमच्या बाजूने तरी नोंद तयार होते.

६. वाद मिटेपर्यंत फोन बाहेर उघडू नका. एकदा बाहेर उघडला की आतली मूळ स्थिती काय होती, हे दाखवता येत नाही.

तरीही नकारच मिळाला तर?

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लिहा. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, नंबर १९१५. ती कंपनीशी बोलून तोडगा काढायचा प्रयत्न करते, पण तिला निकाल देण्याचा अधिकार नाही. १९७५ साली सुरू झालेली मुंबई ग्राहक पंचायतही ग्राहकांना तक्रारीबाबत मार्गदर्शन करते.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे फोन बेंगळुरूच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन घेतला असला, तरी कळवेकराला ठाणे जिल्ह्यातच दाद मागता येते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल होते. वादाचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती करावी लागते. कंपनी, विक्रेता आणि सर्व्हिस सेंटर, तिघांनाही त्यात प्रतिपक्ष करता येतं.

दोष सिद्ध करण्याची जबाबदारी मुळात तक्रारदारावर असते. गरज पडली तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, पण त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागू शकते. निकाल तीन महिन्यांत, तपासणी असेल तर पाच महिन्यांत द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. म्हणून बोर्डाचा खर्च, तुमचा वेळ आणि हातातले कागद, यांचा हिशोब करूनच पुढे जा.

चित्र बदलतंय का?

थोडं. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ रोजी, राष्ट्रीय ग्राहक दिनी, 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. कंपन्यांच्या वॉरंटीची आणि दुरुस्तीची माहिती तिथे एकत्र मिळते. वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे, हे सांगणाऱ्या निर्देशांकाचा अहवालही एका समितीने २०२५ मध्ये सरकारला दिला आहे. युरोपियन संघाचा नवा कायदा आणखी पुढे जातो. आधी दुसऱ्या कोणी दुरुस्ती केली, एवढ्याच कारणाने कंपनीला दुरुस्ती नाकारता येणार नाही, असं त्यात आहे. त्याच्या अंमलबजावणीसाठी ३१ जुलै २०२६ ही तारीख ठरली आहे.

आपल्याकडे तसा कायदा येईपर्यंत हातात आहे ते बिल, फोटो आणि जॉबशीट. पुढच्या वेळी काउंटरवरून "वॉरंटी गेली" असं ऐकू आलं, तर भांडू नका आणि लगेच परतही फिरू नका. एवढंच विचारा: "कशामुळे गेली, ते लिहून देता का?"