रेनोचा भाव

लढतीपेक्षा मला लढतीआधीचे आठ दिवस जास्त आवडतात. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. खासबागेत मोठी जोड लागली की चहाच्या गाड्यावरचा प्रत्येक जण वस्ताद होतो. याचा दम दहा मिनिटांत संपणार, त्याची मान कच्ची आहे, अमक्याने खुराक वाढवलाय पण मेहनत कुठाय. पुढे वर्तमानपत्राच्या क्रीडापानावर नोकरी केली आणि जुन्या लढतींची भाकितं वाचायचा नाद लागला. निकाल सगळ्यांनाच ठाऊक असतात. त्याआधी शहाणी माणसं काय बरळत होती ते वाचण्यात खरी गंमत. या नादात मला सापडलेली सगळ्यात मोठी चर्चा कुस्तीची नाही, मुष्टियुद्धाची आहे. 4 जुलै 1910, अमेरिकेच्या नेवाडा राज्यातलं रेनो गाव, जेम्स जेफ्रीज विरुद्ध जॅक जॉन्सन.

पसंती जेफ्रीजला होती. भाव साधारण 10 ला 7 चा. म्हणजे जेफ्रीजवर 10 डॉलर लावले तर तो जिंकल्यावर 7 सुटणार. नेवाडात तेव्हा जुगाराला कायद्याची आडकाठी नव्हती (त्याच वर्षीच्या 1 ऑक्टोबरपासून यायची होती), त्यामुळे पैसा उघड्यावर लागत होता.

आता ज्याच्यावर एवढा पैसा लागला त्या गड्याकडे पाहा. जेफ्रीज 1899 मध्ये बॉब फिट्झसिमन्सला हरवून हेवीवेटचा जगज्जेता झाला, 1905 मध्ये एकही लढत न हरता निवृत्त झाला आणि कॅलिफोर्नियात बरबँकला लसूणघास पिकवत बसला. वजन 300 पौंडांच्या वर गेलं. रेनोत उतरण्यासाठी त्यातलं 70 पौंडांहून जास्त त्याने झडवलं. वय 35. शेवटची खरी लढत 1904 च्या ऑगस्टमध्ये झालेली. असा पैलवान मैदानात उतरवू का, म्हणून कुठल्याही वस्तादाला विचारलं असतं तर त्याने विचारणाऱ्यालाच तालमीबाहेर काढलं असतं.

समोर जॉन्सन. 32 वर्षांचा, टेक्ससच्या गॅल्व्हेस्टन बंदरातला. 1908 च्या डिसेंबरात सिडनीत त्याने टॉमी बर्न्सची अशी दशा केली की 14 व्या फेरीत पोलिसांना मधे पडावं लागलं. तो जगज्जेता झाला, आणि हा किताब मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय ठरला. 1909 च्या ऑक्टोबरात स्टॅन्ली केचेलने त्याला खाली पाडलं, तेव्हा उठून त्याने केचेलला तिथल्या तिथे बेशुद्ध केलं. बचाव असा की समोरच्याचा ठोसा वाटेतच अडवायचा, आणि वर त्याच्याशी गप्पा मारायच्या. 1902 मध्ये जेफ्रीजच्या धाकट्या भावाला त्याने पाच फेऱ्यांत झोपवलं होतं. हे सगळं छापलेलं होतं, लोकांनी वाचलेलं होतं.

मग भाव असा कसा? याचं उत्तर रेनोत नाही, सिडनीत आहे. तिथे रिंगणाशेजारी बसून जॅक लंडन हा कादंबरीकार बातमी लिहीत होता, आणि तिच्या शेवटी त्याने जेफ्रीजला शेत सोडून बाहेर ये म्हणून हाक घातली. जॉन्सनच्या चेहऱ्यावरचं हसू एका गोऱ्याने पुसलं पाहिजे, ही ती हाक. दीड वर्ष अमेरिकेतल्या गोऱ्या वर्तमानपत्रांनी ती घोकली. जेफ्रीजने अंगावरून हात फिरवून पाहिला, पैसाही मोठा होता (लढतीचा आयोजक टेक्स रिकर्डने 1,01,000 डॉलरची थैली बांधली होती), आणि तो तयार झाला. जगज्जेता असताना याच जेफ्रीजने कृष्णवर्णीय आव्हानवीरांशी किताबासाठी लढायला साफ नकार दिला होता, हे मात्र सगळे सोयीने विसरले.

लढत सॅन फ्रान्सिस्कोत व्हायची होती. जूनच्या मध्यावर कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने ती बंद पाडली, मग रिकर्डने सारा तंबू रेनोत हलवला आणि थोड्या दिवसांत लाकडी आखाडा उभा केला. गाव तुडुंब भरलं. आणि चर्चा सुरू झाली.

ती चर्चा वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. माहिती एकच, पण प्रत्येक जण ती आपल्या मनासारखी वळवतो. जेफ्रीज पत्रकारांना टाळायचा, लोकांसमोर सराव करायचा कंटाळा करायचा, मासे धरायला निघून जायचा. जेफ्रीजवाले म्हणायचे, वाघ आहे, ताकद राखून ठेवतोय. जॉन्सन रोज गर्दीसमोर सरावाच्या फेऱ्या करायचा, थट्टामस्करी करायचा, मोटारी उडवायचा, मोठं बास व्हायोलिन वाजवायचा. तेच लोक म्हणायचे, भीती लपवतोय. हेच दोघांनी उलटं केलं असतं, तरी निष्कर्ष बदलला नसता, अशी माझी खात्री आहे.

सगळ्यात लाडका युक्तिवाद काळजाचा होता. जॉन्सन आतून भित्रा आहे, जेफ्रीजने एकदा डोळे वटारले की तो विरघळेल, असं जाणती माणसं छापून सांगत होती. माजी जगज्जेता जेम्स कॉर्बेट जेफ्रीजच्या तळावर होता आणि लढतीत रिंगणाजवळून जॉन्सनला डिवचायचं काम त्याने अंगावर घेतलं होतं. त्याच तळावर जो चॉयन्स्की नावाचा मुष्टियोद्धाही होता. या चॉयन्स्कीने 1901 मध्ये गॅल्व्हेस्टनला कोवळ्या जॉन्सनला तिसऱ्या फेरीत झोपवलं होतं. लढत बेकायदा म्हणून दोघांना एकाच तुरुंगात टाकलं, आणि तिथल्या तीन-साडेतीन आठवड्यांत चॉयन्स्कीनेच त्याला बचावाच्या खुब्या शिकवल्या. जॉन्सनचे हात किती लांब पोचतात हे रेनोत त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! पण तो जेफ्रीजच्या बाजूला बसला होता.

दुसऱ्या बाजूची चर्चा गोऱ्या पत्रांत फारशी छापली जात नव्हती. कृष्णवर्णीय वस्त्यांत माणसं जॉन्सनवर पैसे लावत होती, आणि त्यांची शंका निराळी होती: हा जिंकू शकतो, पण त्याला जिंकू देतील का? लढत आधीच ठरलेली आहे, जॉन्सन पडायचे पैसे घेणार, ही कुजबूज दोन्हीकडे होती. माझ्या मते त्या आठवड्यातला खरा अभ्यास या शंकेखोरांचाच. ते निदान ताकदीबद्दल स्वतःला फसवत नव्हते.

लढतीबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. ऊन रणरणत होतं, 15 हजारांहून जास्त माणूस होता, पंच खुद्द रिकर्ड, 45 फेऱ्यांचा करार. पहिल्या काही फेऱ्यांतच जेफ्रीजचा डोळा सुजायला लागला. जॉन्सन कॉर्बेटला उत्तरं देत देत मारत राहिला. 15 व्या फेरीत, आयुष्यात कधीही न पडलेला जेफ्रीज तीनदा पडला आणि त्याच्या माणसांनी लढत सोडली. जॅक लंडनने बातमीत जॉन्सनचं कौतुक केलं. करणार काय?

पैसे बुडालेल्यांनी आणि न बुडालेल्यांनीही मग जे केलं ते खेळाच्या पानावरचं नाही. त्या रात्री अमेरिकेतल्या अनेक शहरांत दंगली झाल्या, वीसच्या आसपास माणसं मेली, त्यात बहुतेक कृष्णवर्णीय. न्यू ऑर्लीन्समध्ये पेपर विकणाऱ्या पोरांत एक लहान लुई आर्मस्ट्राँग (पुढचा जॅझवादक) होता. पळा म्हणून सांगितल्यावर तो पळत सुटला, असं त्याने पुढे आत्मचरित्रात लिहिलं. लढतीची फिल्म गावोगावी बंद पाडली गेली आणि 1912 मध्ये अशा फिल्मा एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्यावर अमेरिकेने कायद्यानेच बंदी घातली.

ही धास्ती आपल्यापर्यंतही येते. 1911 मध्ये लंडनला जॉन्सन आणि बॉम्बार्डियर बिली वेल्स यांची लढत ठरली, तेव्हा पाद्र्यांनी मोहीम काढली आणि गृहमंत्री विन्स्टन चर्चिलने ती बेकायदा ठरवून होऊ दिली नाही. विरोधकांचा एक मुद्दा असा, की गोरा हरलेला पाहून साम्राज्यातली काळी प्रजा काय शिकेल? त्याच लंडनने 1910 च्या सप्टेंबरात आपल्या गामा पैलवानाची आणि गोऱ्या झ्बिस्कोची कुस्ती पाहिली होती. झ्बिस्को अडीच तास गादीला चिकटून राहिला आणि पुढच्या आठवड्यात निकालाच्या कुस्तीला फिरकलाच नाही. तेव्हा साम्राज्य कोसळल्याची नोंद नाही.

रेनोची चर्चा मात्र 4 जुलैला संपली नाही. आधी निघालं की जेफ्रीजला काहीतरी पाजलं होतं. ते टिकेना, तेव्हा दुसरं निघालं, आणि ते आजही जिवंत आहे: जेफ्रीज म्हातारा होता हो, 1904 चा जेफ्रीज असता तर जॉन्सन टिकला नसता. स्वतः जेफ्रीज, ऐन जोमातही मला त्याला हरवता आलं नसतं, अशा अर्थाचं बोलल्याचं सांगतात. पण चाहते पैलवानाचं कधी ऐकतात का?

मला विचाराल तर 1904 चा जेफ्रीज हा अवघड सौदा आहे. खाली वाकून येणारा, कितीही मार खाणारा, 220 पौंडांचा गडी. आणि जॉन्सन तेव्हा अजून घडत होता. मी तरीही जॉन्सनवरच लावीन. मात्र 25 फेऱ्यांच्या आत निकाल लागेल यावर एक पैसा लावणार नाही.