पुराणशीधु आणि खार्जूर : जुन्या मद्याच्या परीक्षेविषयीं कांहीं विचार

वर्धा शहरास लागून असलेल्या सिंदी (मेघे) ह्या गांवाच्या नांवावरून प्रस्तुत लेखाचा आरंभ करणें वाचकांस चमत्कारिक वाटेल; परंतु विषयाचें मूळ तेथेंच आहे. नागपूर-वर्धा लोहमार्गावरील सिंदी (रेल्वे) हें गांव निराळें व हें निराळें. ह्याच्या शेजारच्या गांवांचीं नांवें पाहावीं : पिंपरी (मेघे), बोरगांव (मेघे). एकांत पिंपळ, दुसऱ्यांत बोर; तेव्हां तिसऱ्यांत शिंदीचें झाड पाहण्यास फार धाडस लागतें असें आम्हांस वाटत नाहीं. मराठींत शिंदी हा शब्द झाडासही लागतो आणि त्या झाडाच्या रसापासून होणाऱ्या पेयासही लागतो. संस्कृतांत झाडास खर्जूर किंवा खर्जूरी म्हणतात व पेयास खार्जूर, आणि हें खार्जूर आयुर्वेदाच्या ग्रंथांत द्राक्षमद्याच्या पंक्तीस बसविलेलें आढळतें. ही पंगत कोणीं व कशावरून बसविली, हा आमचा प्रश्न आहे.

हा प्रश्न सुचण्यास निमित्त झालें तें पोर्ट नांवाच्या पोर्तुगीज मद्याच्या रसिकांविषयींच्या वाचनाचें. हे लोक एकाच वर्षाच्या निरनिराळ्या पेढ्यांच्या, अथवा एकाच पेढीच्या निरनिराळ्या वर्षांच्या बाटल्या एका बैठकींत उघडतात, पेले ओळीनें मांडतात, आणि रंग, गंध, रस व घोट उतरल्यावर मागें राहणारी चव ह्यांची टिपणें करितात. 1927, 1945, 1963 ह्या सालांच्या बाटल्यांचें नांव ते ज्या स्वरांत घेतात, त्या स्वरांत आपल्यापैकीं कांहीं मंडळी शके घातलेल्या पोथीचें घेतात. ज्यांनीं एका ग्रंथाच्या चार प्रती पुढें ठेवून पाठभेद नोंदविले आहेत, त्यांस ह्या खटाटोपाचें हंसूं येऊं नये. पद्धत तीच आहे. प्रतींचें कुल ठरवावयाचें, कोणती कोठें बिघडली तें पाहावयाचें, आणि जुनी म्हणून चांगली असें आंधळेपणानें मानावयाचें नाहीं.

हें मद्य इतकें टिकतें कां, हें समजल्याखेरीज पुढील तुलना समजणार नाहीं. पोर्तुगालच्या उत्तर भागांतील दौरो नदीच्या खोऱ्याची मर्यादा मार्किस द पोंबाल ह्याच्या राजवटींत 1756 सालीं आंखून देण्यांत आली. तेथील द्राक्षरस आंबूं लागला कीं अर्धवट आंबलेल्या स्थितींतच त्यांत द्राक्षांचेंच सुमारें 77 टक्के तीव्रतेचें अर्क-मद्य ओततात. त्यामुळें किण्व मरतें, रसांतील साखर शिल्लक राहते, आणि मद्यार्काचें प्रमाण विसाच्या आसपास जातें. अशा द्रवांत पुढें सहसा कांहीं नासत नाहीं. फक्त हळूहळू पालटतें. ज्यास सालाचें नांव मिळतें तें दोन-तीन वर्षांनीं लांकडी पिंपांतून बाटलींत भरतात व तेथें तें कित्येक दशकें राहतें. तळाशीं गाळ बसतो, आणि पिण्यापूर्वीं बाटली उभी ठेवून, तो न हलवितां वरचें मद्य निथळून घ्यावें लागतें. दुसरा प्रकार पिंपांतच म्हातारा होतो; त्याचा लाल रंग जाऊन पिंगट येतो. गोव्यांत पोर्ट ह्या नांवानें विकलें जाणारें गोड तांबडें मद्य हें तेथलेंच स्थानिक मद्य असून त्याचा दौरोशीं संबंध नाहीं, हेंही येथें सांगून ठेवितों.

आतां आपल्या ग्रंथांकडे वळूं. जुन्या मद्याची आवड आपल्याकडे नव्हती असें म्हणतां येत नाहीं. कालिदासानें रघुवंशाच्या सोळाव्या सर्गांत ग्रीष्माचें वर्णन करितांना आंब्याची कोंवळी डहाळी व नवें पाटलपुष्प ह्यांच्या जोडीस ‘पुराणशीधु’ ठेवला आहे. शीधु म्हणजे उंसाच्या रसाचें मद्य. फूल नवें हवें, मद्य जुनें हवें, ही विवेकाची खूण आहे. त्याच कवीनें चौथ्या सर्गांत रघूच्या सैनिकांस कलिंगदेशीं नारळाचें आसव व पारसीकांच्या देशीं द्राक्षांच्या मळ्यांत द्राक्षमद्य पाजलें आहे. जसा देश तसा पेला, असा भेद त्यानें जाणून केला असावा.

कवीपेक्षां वैद्याची साक्ष अधिक नेमकी असते. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील पंचेचाळिसाव्या अध्यायांत नव्या व जुन्या मद्याचे गुण समोरासमोर ठेविले आहेत. नवें मद्य जड, वाईट वासाचें, बेचव, मनास न रुचणारें व जळजळ करणारें. जुनें सुगंधी, हलकें, रुचकर, भूक वाढविणारें व स्रोतसें मोकळीं करणारें. चरकाचें म्हणणेंही जवळजवळ हेंच आहे. ह्या विशेषणांतील निम्मीं पोटाविषयीं आहेत हें खरें. पण गंध व रुचि हीं पोटाचीं कामें नव्हत, तीं नाकाजिभेचीं. कोणीतरी दोन भांडीं शेजारीं ठेवून वास घेतल्याशिवाय हीं विशेषणें लिहिलीं गेलीं नसतील.

ह्याहून महत्त्वाची जागा वर्ज्य मद्यांच्या यादींत आहे. दाट, दुर्गंधी, किडे पडलेलें, कोंवळें, तीक्ष्ण, बुळबुळीत, वाईट भांड्यांत ठेवलेलें, अति पातळ व स्वच्छ, अशीं मद्यें सोडावीं असें सांगतांना सुश्रुतानें ‘पर्युषित’ हाही दोष गणला आहे. हा शब्द सामान्यतः शिळें ह्या अर्थीं घेतात. तेव्हां एकाच ग्रंथांत जुनें तें स्तुत्य आणि शिळें तें त्याज्य असें झालें. कांहीं भाषांतरकार दोन्ही ठिकाणीं ‘जुनें’ हाच शब्द घालून मोकळे होतात आणि मग वाचकास ग्रंथकार स्वतःशींच भांडतो असें वाटतें. वस्तुतः भांडण मुळींच नाहीं. जीर्ण म्हणजे झांकून, मुरवून, काळानें पिकविलेलें; पर्युषित म्हणजे उघडें राहून रात्र ओलांडलेलें. लोणचें आणि शिळा भात ह्यांतील भेद ज्या गृहिणीस कळतो तिला हा अर्थ टीकेवांचून कळेल. पोर्टच्या रसिकांचीही हीच भाषा आहे : पन्नास वर्षांची बंद बाटली उत्तम, आणि तीच उघडून ठेवली तर थोड्या दिवसांत निकामी.

अर्थशास्त्राचा पुरावा निराळ्या जातीचा आहे. ह्या ग्रंथाची पोथी शामशास्त्र्यांच्या हातीं आली नसती व त्यांनीं ती 1909 सालीं छापून प्रसिद्ध केली नसती, तर सुराध्यक्षाच्या प्रकरणास आपण आजही मुकलों असतों. त्यांत मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय व मधु अशीं सहा नांवें आहेत. पैकीं मधु म्हणजे द्राक्षरसाचें मद्य, आणि त्याचीं कापिशायन व हारहूरक हीं नांवें त्याच्या देशांवरून पडलीं असें कौटिल्य स्वच्छ सांगतो. हारहूर कोणता ह्याविषयीं पंडितांचें एकमत नाहीं. पण कापिशी म्हणजे काबूलच्या उत्तरेचें बेग्राम, आणि ‘कापिशायन’ हें रूप साधण्यासाठीं पाणिनीस एक स्वतंत्र सूत्र खर्ची घालावें लागलें आहे. व्याकरणकार जेथें प्रत्यय खर्च करितो तेथें बाजारांत माल असतो, असें आम्ही आमच्या विद्यार्थ्यांस सांगत असूं. प्रांताच्या नांवानें मद्य ओळखण्याची ही चाल दौरोची हद्द आंखली जाण्यापूर्वीं दोन हजारांहून अधिक वर्षांची ठरते.

तथापि येथेंच थांबून एक सावधगिरीची सूचना दिली पाहिजे. जें जें पाश्चात्यांकडे आहे तें तें आपल्याकडे आधींच होतें असें सिद्ध करण्याची हौस आपल्या मंडळींत फार. ह्या बाबतींत ती पुरी होत नाहीं. संस्कृत ग्रंथांत देश आहे, द्रव्य आहे, भांडें आहे, साल नाहीं. अरिष्ट तुपाचा हात फिरविलेल्या मडक्यांत धायटीच्या फुलांसह भरून पंधरवडा किंवा महिनाभर धान्याच्या राशींत ठेवावें, इतकाच काळ बहुधा सांगितलेला असतो. अमक्या संवत्सराचें मधु तमक्या संवत्सराच्या मधूहून सरस, असें वाक्य आमच्या पाहण्यांत आलेलें नाहीं. चालुक्य तिसऱ्या सोमेश्वराच्या मानसोल्लासांत राजाच्या क्रीडांमध्यें मदिरापानक्रीडाही आहे. पण ती क्रीडा आहे, परीक्षा नव्हे.

संग्राहकांच्या उपयोगाचा एक मुद्दा मात्र विस्तारानें सांगावासा वाटतो, तो शब्दांचा. शार्ङ्गधराच्या संहितेंत सुरेचे थर सांगितले आहेत : सर्वांत वरचा निवळ भाग ती प्रसन्ना, तिच्याहून दाट ती कादंबरी, त्याखालीं जगल, आणि जगलाहून दाट तो मेदक. पोर्टची बाटली निथळणाऱ्यानें गाळापर्यंत जें जें पाहावें त्या प्रत्येकास येथें स्वतंत्र नांव आहे, हें कौतुकाचें आहे. पण ह्याच दोन नांवांचा अर्थ कौटिल्याकडे पाहावा. तेथें मेदक हा कोणत्याही गाळाचा थर नसून एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ व तीन प्रस्थ किण्व ह्यांचें स्वतंत्र मद्य आहे. प्रसन्नेस बारा आढक पीठ व पांच प्रस्थ किण्व लागतें. म्हणजे शतकांच्या ओघांत दोन निराळ्या मद्यांचीं नांवें एकाच घागरीच्या वरच्या व खालच्या भागांस जाऊन चिकटलीं. जुन्या पोथींत मेदक शब्द आला आणि संपादकानें शार्ङ्गधराच्या आधारें ‘गाळ’ असा अर्थ दिला, तर राजाच्या कोठारांतील चांगलें मद्य गाळ ठरेल. उलट वैद्यकाच्या बाडांत कौटिल्याचा अर्थ घातला तर रोग्याची मात्राच चुकेल.

मातीच्या भांड्यांचीही गोष्ट अशीच. इसवीच्या पहिल्या शतकांतील पेरिप्लस ह्या ग्रीक प्रवासग्रंथांत भडोच बंदरीं येणाऱ्या मालांत मद्य सांगितलें असून इटलीचें अधिक पसंत, शिवाय लाओदिकेयाचें व अरबस्तानचें, असा क्रम लावला आहे. पसंतीचा क्रम आहे म्हणजे तुलना आहे. आणि त्याच ग्रंथांत पैठण व तेर ह्यांचीं नांवें भडोचशीं जोडलेल्या पेठा म्हणून येत असल्यामुळें ही तुलना करणारे कांहीं आपल्याकडचेही असावेत, असा तर्क करण्यास हरकत नाहीं. नेवासें येथील 1954 ते 1956 च्या उत्खननांत रोमन मद्यकुंभांचीं खापरें निघालीं. पुढें रॉबर्टा टॉम्बर ह्या विदुषीनें पश्चिम भारतांतील अशीं खापरें पुन्हा तपासलीं, तेव्हां रोमन म्हणून नोंदलेल्या खापरांपैकीं बरींच मेसोपोटेमियाकडील लांबट, आंतून डांबर फांसलेल्या कुंभांचीं निघालीं. ज्या संग्रहालयांत ‘रोमन’ अशी चिठ्ठी अजून चिकटलेली असेल तेथें ती काढून पाहावी. पोर्तुगीजांच्या काळांत ह्या समुद्रमार्गानें आणखी एक चमत्कार केला. मदेरा बेटाचें मद्य हिंदुस्थानापर्यंत जाऊन विकलें न जातां पिंपांसह परत गेलें, तर उष्णतेनें व हालचालीनें तें अधिक चांगलें झालेलें आढळे. मग मुद्दाम असा फेरा करविलेल्या मद्यास तेथें वेगळें नांव व अधिक किंमत मिळूं लागली.

आतां खार्जूर. सुश्रुतानें द्राक्षमद्यानंतर लगेच खार्जूर घेतलें आहे आणि तें द्राक्षमद्याहून थोडेंसेंच निराळें, पण वात वाढविणारें, असें म्हटलें आहे. हें खजुराच्या फळाचें कीं झाडाच्या रसाचें, हा वाद होऊं शकेल. फळाचें असेल तर द्राक्षांशीं साम्य समजण्यासारखें आहे, कारण दोन्हींत फळाची साखर मुरते, आणि आमचा कल तिकडेच आहे. झाडाच्या रसाची सोय शार्ङ्गधरानें निराळी लाविली आहे : ताड व खर्जूर ह्यांच्या रसापासून केलेली ती वारुणी. तेव्हां सिंदी (मेघे) गांवास ज्या झाडानें नांव दिलें त्याचें पेय शास्त्रतः खार्जूर नव्हे, वारुणी होय.

आणि ही वारुणी जुनी होऊं शकत नाहीं. शिंदीच्या रसांत सुमारें दहा-बारा टक्के साखर असते. सूर्य वर येतांच उघड्या मडक्यांतील किण्व कामास लागतें. सायंकाळीं ती ताडीसारखी चढते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीं शिरक्याच्या वाटेस लागते. पोर्टमध्यें जें अर्क-मद्य पहारा करितें तें येथें नाहीं. ह्या पेयाची परीक्षा करणारे वर्षें मोजीत नाहींत, प्रहर मोजतात. सूर्योदयापूर्वींची नीरा, दुपारची, संध्याकाळची, हीच त्यांची सालवार यादी. पर्युषित शब्दाचा अर्थ ज्यास प्रत्यक्ष पाहावयाचा असेल त्यानें शिंदीच्या मडक्याकडे पाहावें. वर्ध्याच्या मगनवाडींत 1934 सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघानें ह्याच रसाचा प्रश्न उलट बाजूनें सोडविण्याचा यत्न केला : मडक्यास आंतून चुना लावून रस आंबूं न देतां नीरा काढावी आणि तिचा गूळ करावा. गजानन नाईक ह्यांचें ताडगुळाचें कार्य ह्याच परंपरेंतलें.

वर्धा जिल्ह्यांत गेल्या शतकाच्या आठव्या दशकापासून दारूबंदी आहे. तेव्हां प्रस्तुत लेखांतील एकाही पेल्याची साक्ष आमच्या जिभेची नाहीं, सगळी पोथ्यांची आहे. जुन्या वैद्यघराण्यांच्या बाडांत आसव-अरिष्टांचे पाठ पुष्कळ सांपडतात. ज्यांच्या संग्रहीं अशीं बाडें असतील त्यांनीं समासांतील हस्ताक्षर तपासावें. पाठ सर्वत्र एकच असतो, परंतु भांडें कोठें पुरलें, किती दिवसांनीं उघडलें, वास कसा आला, हें वैद्य लिहितो तें समासांतच. आणि एखाद्या नोंदीस शके घातलेला आढळला, तर आम्ही वर जें ‘साल नाहीं’ म्हटलें तें तेवढ्यापुरतें फिरवावें लागेल.