क्रेडिट कार्डची थकबाकी आणि सिबिल : सुदाच्या फेऱ्यातून बाहेर कसे पडावे?

मुलाला नागपूर-अमरावतीकडे ॲडमिशन मिळते. वडील कागदपत्रे घेऊन पुसदच्या बँकेत जातात. साहेब कॉम्प्युटरकडे बघतात आणि म्हणतात, "तुमचं सिबिल कमी आहे." कारण शोधले तर तीन-चार वर्षांपूर्वी घेतलेले एक क्रेडिट कार्ड निघते. आपल्या भागात हा प्रसंग आता नवा राहिलेला नाही. म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

सिबिल म्हणजे काय?

सिबिल ही कर्जाच्या नोंदी ठेवणारी कंपनी आहे. ती 2000 साली स्थापन झाली. एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या आणखी तीन कंपन्या हेच काम करतात. स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो आणि साधारण 750 च्या वर चांगला समजतात. हप्ते वेळेवर भरले का, कार्डची किती मर्यादा वापरली, खाते किती जुने आहे आणि अलीकडे किती ठिकाणी कर्ज मागितले, यावरून तो ठरतो.

आपल्यात अनेकांनी सूद नको म्हणून कधी कर्जच घेतलेले नाही. त्यांचा स्कोअर दिसत नाही, पण म्हणजे तो खराब आहे असे नव्हे. केवळ जुनी नोंद नाही म्हणून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याला नाकारू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे.

'किमान रक्कम' हाच सापळा

बिलावर दोन आकडे असतात, एकूण रक्कम आणि किमान रक्कम. किमान रक्कम भरली की दंड लागत नाही, पण व्याज चालूच राहते. आठवीच्या गणितात चक्रवाढ व्याज शिकवतात, तेच इथे प्रत्यक्ष दिसते.

समजा बाकी 40,000 रुपये आणि व्याज महिन्याला साडेतीन टक्के. व्याज झाले 1,400 रुपये. त्यावर 18 टक्के जीएसटी 252 रुपये. मिळून 1,652. तुम्ही 2,000 भरले तर मुद्दल कमी झाले फक्त 348 रुपयांनी! दरमहा 2,000 च भरत राहिलात तर कर्ज फिटायला सुमारे 43 महिने लागतील आणि खिशातून 86,000 च्या वर जातील. तेच महिन्याला 5,000 भरले तर साधारण 10 महिन्यांत सुटका होते आणि एकूण 50,000 च्या आत भागते.

बाकी पुढे ढकलली की नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते. एटीएममधून कार्डवर रोख काढली तर तसेही पहिल्या दिवसापासूनच लागते, वरून फी वेगळी.

फेडायचे कसे?

1. कार्ड कपाटात ठेवा. बाकी फिटेपर्यंत नवी खरेदी नाही.

2. दोन-तीन कार्डे असतील तर सगळ्यांची किमान रक्कम भरा आणि उरलेला पैसा सर्वांत जास्त व्याजाच्या कार्डवर टाका.

3. भाऊ, मामा किंवा दोस्ताकडून कर्ज-ए-हसना मिळाले तर त्यातून कार्ड एकदाच फेडा. पण ते लिहून घ्या, साक्षीदार ठेवा. सूरह बकराच्या आयत 282 मध्ये देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचाच हुकूम आहे. घरचे कर्ज सिबिलमध्ये दिसत नाही, म्हणून ते बुडवायचे नसते.

4. खरोखर हात टेकलेल्या कर्जदाराला जकातीत हिस्सा आहे. जकातीच्या आठ हक्कदारांत कर्जबाजारी माणूसही येतो. आपल्या बाबतीत ते लागू होते का, हे मुफ्ती साहेबांना विचारा.

5. मर्यादेच्या 30 टक्क्यांच्या आत बाकी आणा. 50,000 ची मर्यादा असेल तर 15,000 च्या आत. बँका आता महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा नोंद पाठवतात, त्यामुळे भरलेला पैसा रिपोर्टमध्ये लवकर दिसतो.

'सेटलमेंट' करण्याआधी

वसुलीवाला म्हणतो, "अर्धे भरा, मिटवून टाकू." त्या वेळी बरे वाटते, पण रिपोर्टमध्ये खाते 'बंद' ऐवजी 'सेटल्ड' असे लिहिले जाते आणि पुढची बँक ते बघून मागे सरते. जमेल तर पूर्ण भरा आणि बँकेकडून 'बाकी नाही' असे पत्र घ्या. वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 च्या नंतर फोन करायला रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. धमकी सहन करू नका.

चूक असेल तर

प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. फेडलेले कर्ज बाकी दिसत असेल तर त्याच वेबसाइटवर तक्रार करा, पैसे लागत नाहीत. 30 दिवसांत निकाल लागला नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाईचा नियम आहे. तरीही झाले नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, मोफत फोन 14448. "पाच हजार द्या, सिबिल साफ करून देतो" म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही.

कार्ड ठेवावे की बंद करावे?

जुने कार्ड बंद केले तर स्कोअर थोडा खाली येऊ शकतो. पूर्ण बिल मुदतीत भरणाऱ्याला व्याज लागत नाही, पण अशा कार्डाबाबतही उलेमांमध्ये मतभेद आहेत. हात आवरत नसेल तर थोडा स्कोअर गेला तरी चालेल, कार्ड बंद करा. बाकी शून्य असताना अर्ज दिला तर 7 कामाच्या दिवसांत बँकेने ते बंद करायचे असते. नाही केले तर दिवसाला 500 रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे.

शेवटी एक गोष्ट. मय्यतीनंतर वारसा वाटण्याआधी कर्ज फेडावे लागते, इतके ते जड आहे. स्कोअर सुधारायला काही महिने जातील. तो सुधारेल, इन्शाअल्लाह. पण या महिन्याचे बिल आजच काढून बघा आणि किमान रकमेपेक्षा किती जास्त भरता येते, ते घरच्यांसोबत बसून ठरवा.